घरचीच पोट्टी आहे, तिला कायचा पगार?

हा प्रश्न मला नातेवाइकांनी विचारला, शेजारच्या किराणावाल्यानं विचारला, आणि थोरलीचा पगार वहीत चढवायला सांगितला तेव्हा आमचा हिशेब लिहिणाऱ्या भाऊंनीही विचारला. "वहिनी, पैसा घरातल्या घरातच फिरणार. कशाला भानगड?" मी म्हटलं, "लिहा भाऊ. एक तारखेपासून."

आमचं नाश्त्याचं दुकान नागपूरच्या महाल भागात आहे, गांधी गेटापासून हाकेच्या अंतरावर. सासूबाईंनी सुरू केलं तेव्हा फक्त पोहे आणि आलूबोंडे असायचे. आता सकाळी साडेसहापासून तर्री पोहे, म्हणजे हरभऱ्याचा झणझणीत रस्सा घातलेले पोहे, आलूबोंडा रस्सा, रविवारी पाटोडी रस्सा आणि थंडीत पुडाच्या वड्या. दुपारी एकला शटर खाली. मी, आमचे हे, थोरली मुलगी, धाकटा मुलगा, तर्रीच्या गंजावर, म्हणजे मोठ्या पातेल्यावर, एक मामा आणि भांड्यांना एक मावशी, एवढी माणसं. मामा-मावशी नात्यातले नाहीत, पण सासूबाईंच्या काळापासूनचे आहेत.

धंदा करणाऱ्या ओळखीच्या बाया विचारतात, तुझी दोन्ही पोट्टी दुकानात टिकली कशी? आमची तर कॉलेज झालं की पुण्याची गाडी धरतात. पुण्याला जाण्यात वाईट काही नाही. पण ज्यांना पोरांसोबत धंदा करायचाच आहे, त्यांच्यासाठी आमच्याकडची रीत लिहून ठेवते. बाहेरचा माणूस ठेवताना आपण पगार, वेळ, सुटी, काम सगळं आधी बोलून घेतो. पोटचं पोर कामाला लागलं की यातलं एक अक्षर बोलत नाही. ते बोलायचं, बाकी सगळं त्यातूनच निघतं.

पगार

किती द्यायचा? त्या जागेवर परका माणूस ठेवला असता तर जेवढा दिला असता, तेवढा. महालात, इतवारीत काउंटरवरच्या माणसाला काय देतात हे दोन-चार दुकानांत विचारलं की कळतं. त्यापेक्षा कमी दिला तर पोर मनातल्या मनात हिशेब मांडत राहतं. जास्त दिला तर मामांच्या डोळ्यात येतं, आणि यायलाच पाहिजे.

रोख हातात ठेवू नका, खात्यात टाका. घरच्या माणसाला दिलेला पगार धंद्याचा खर्च म्हणून दाखवता येतो, पण तो कामाच्या मानानं रास्त असला पाहिजे आणि खरोखर दिलेला असला पाहिजे. पोराला स्वतःचं रिटर्न भरू द्या. उद्या त्याला गाडीसाठी नाहीतर स्वतःच्या धंद्यासाठी कर्ज लागलं तर बँक आधी मागच्या दोन-तीन वर्षांची रिटर्नं मागते. दहा वर्षं बापाच्या दुकानात राबलेल्या पोराजवळ कमाईचा एक कागद नसतो, असे कितीतरी घरांत पाहिले आहेत मी. पोर अठराच्या आतलं असेल तर त्याची कमाई सहसा आईबापाच्या उत्पन्नात धरतात, पण स्वतःच्या मेहनतीनं किंवा कौशल्यानं कमावलेली असेल तर धरत नाहीत. हे आपल्या सीएला विचारून घ्या, म्हणजे उगाच दोघांचाही घोळ होणार नाही.

"तुझ्या लग्नाला लागतीलच की" असं म्हणून पगार अडवून ठेवायचा नाही. लग्न घराच्या खर्चातून, पगार दुकानाच्या खर्चातून. तो हातात आल्यावर पोरानं बूट घेतले, मोबाइल घेतला, दोस्तांना घेऊन सावजीत उडवला, तरी तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. हे अवघड आहे. आमच्या ह्यांना अजून जमत नाही, ते नुसते खाकरतात.

लहान असताना

१९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. तिच्याप्रमाणे १४ वर्षांखालच्या मुलाला कामाला ठेवता येत नाही. घरच्या धंद्यात मदत करायला मोकळीक आहे, पण ती शाळा सुटल्यावर किंवा सुट्ट्यांत, आणि धोक्याच्या कामात नाही. आमच्याकडे याहून कडक आहे: अठरा पूर्ण झाल्याशिवाय कढईजवळ उभं राहायचं नाही. तोवर शेंगदाणे निवडा, लिंबं कापा, सांबार निवडा, सुट्टे पैसे मोजा. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, पुढं हा शब्द बराच येईल.

आणि तान्हा पोळा. नागपूरच्या बाहेरच्या माणसाला याचं त्रांगडं कळायचं नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इकडे काळी-पिवळी मारबत निघते, सोबत बडगे, म्हणजे मोठमोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, "इडा पीडा घेऊन जा गे मारबत" म्हणत अख्खं शहर महाल-इतवारीत लोटतं, आणि आमच्याकडे वर्षातली सगळ्यात मोठी गर्दी असते. त्याच दिवशी लहान पोरांचा तान्हा पोळा. लाकडी नंदी सजवून मोहल्ल्यात न्यायचे, बक्षिसं मिळवायची. त्या दिवशी पोरांना दुकानात बोलवायचं नाही म्हणजे नाही, लाइन गेटापर्यंत गेली तरी. दोन मदतनीस रोजानं घ्या. ज्या पोराचा नंदी दुकानामुळे घरीच राहिला, त्याला मोठेपणी त्या दुकानात यावंसं कशाला वाटेल?

उस्ताद आपण व्हायचं नाही

पोराला काम आपण शिकवू नये. आई शिकवते तेव्हा ती शिकवण्यासोबत पंधरा वर्षांचं बाकीचं सगळं काढते. पोहे चिकट झाले तर दहावीचे मार्क निघतात. म्हणून आमच्या दोघांनाही कामाला लावलं ते मामांच्या हाताखाली. पहिलं वर्ष मामा सांगतील ते, मामा म्हणतील तेव्हा. मामांना "ए" नाही, "अरे" नाही. उशिरा आलं तर मामांना जो नियम तोच धाकट्याला.

मामांनी पोहे कसे शिकवले ते सांगते, कारण माझ्यानं तसं झालं नसतं. जाड पोहे चाळणीत घेऊन नळाखाली धरले, हलवले, निथळत ठेवले आणि धाकट्याला म्हणाले, "आता हात लावू नको. मी म्हणेन तेव्हा एक दाणा बोटात दाब." पाच-सात मिनिटांनी दाबायला लावला. मधोमध कडक लागला. "अजून नाही." परत थोड्या वेळानं. मऊ, पण लगदा नाही. "हां. आता फोडणी." बस, एवढंच. दुसऱ्या दिवशी तसंच. भाटापाऱ्याच्या पोह्यांचं पोतं बदललं की वेळ बदलते हे त्यांनी सांगितलंच नाही, नव्या पोत्याच्या दिवशी त्याचं त्यालाच बोटाला लागलं. मी असते तर पहिल्या मिनिटाला "असं नाही रे" म्हणून चाळणी हातातून घेतली असती.

तुमच्याकडे मामा नसतील तर पोराला आधी बाहेर पाठवा. थोरली इथल्या एलआयटी कॉलेजात फूड टेक्नॉलॉजी शिकली आणि मग बुटीबोरी एमआयडीसीतल्या एका कंपनीत कामाला लागली. लोक म्हणाले, घरचं दुकान असून पोट्टी दुसऱ्याकडे राबून राहिली. राबू द्या. तिकडे तिला कळलं की साहेब कोणाचाही सगा नसतो, आणि येताना ती बॅच लिहायची सवय आणि थर्मामीटर घेऊन आली.

मुठीचं माप

थर्मामीटर आल्यावर मोजमापावरून आमच्या घरी जे काही झालं ते प्रत्येक घरी होतं, म्हणून जरा तपशिलानं सांगते.

सासूबाईंचा तर्रीचा मसाला मुठीनं चालायचा. कांदा-खोबरं काळपट भाजून, धने, खसखस, दगडफूल, मिरे, लवंग, तमालपत्र, आणि मिरची भिवापुरी. माझंही तसंच. थोरलीनं सांगितलं, "आई, तुझा हात आहे तोवर तर्री आहे. तू दोन दिवस नाशिकला गेली तर काय?" बरोबर होतं. पण माप कागदावर उतरवायचं कसं? आपल्याला विचारलं तर आपण खोटंच सांगतो, मुद्दाम नाही, आपल्यालाच माहीत नसतं.

त्याची रीत अशी. सोन्याच्या दुकानात असतो तसला नाही, साधा किचनचा इलेक्ट्रॉनिक काटा घ्यायचा. मी नेहमीसारखा मसाला करायला बसायचं. मूठ भरली की ती गंजात न टाकता काट्यावरच्या वाटीत टाकायची, पोरीनं आकडा लिहायचा, मग गंजात. मी आकडा बघायचा नाही, बघितला की हात सावध होतो. असं आठवडाभर, रोज. मग सगळ्या दिवसांचे आकडे समोर ठेवून मधला धरायचा. धन्याची मूठ आणि मिरचीची मूठ वजनाला एकसारखी नसते हे तर कोणालाही कळतं, पण माझी मंगळवारची मूठ आणि रविवारची मूठही सारखी नव्हती. रविवारी गर्दीच्या धास्तीनं हात सैल सुटतो. गिऱ्हाईक म्हणायचंच, "काकू, रविवारची तर्री काही और असते." ते आता कागदावर रविवारचं माप म्हणून वेगळं आहे.

हे माप लिहून देणं म्हणजे गुपित देऊन टाकणं, असं काही जणींना वाटतं. पोराला गुपित द्यायचं नसेल तर त्याला दुकानात आणताच कशाला? मापाचा कागद दोन प्रतींत करा. एक दुकानात कपाटात, एक पोराजवळ.

जिथं माप निघतं तिथं वय चालवायचं नाही, हा नियम आधीच कबूल करून घ्या. तळणीच्या तेलावरून ह्यांचं आणि थोरलीचं जुंपायचं. हे रंग पाहून, वास घेऊन सांगायचे, "चालते अजून." एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा खात्याचा, नियम १ जुलै २०१८ पासून आहे, की तेलातली टोटल पोलर कंपाउंड्स, म्हणजे तेल परत परत तापवून त्यात तयार होणारी खराब द्रव्यं, २५ टक्क्यांच्या वर गेली की ते तेल वापरायचं नाही. ते मोजायचं यंत्रही मिळतं. आता यंत्रानं सांगितलं की तेल बदललं, मग बोलणंच नाही. तर्रीचंही तसंच, गंज साठ अंशांच्या खाली उतरू द्यायचा नाही. मे महिन्यात, नवतपा म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस लागले की रात्री भिजवलेले हरभरे सकाळी आंबूस येतात. तेव्हा पाणी बदलायची वेळ थोरली ठरवते. मिठाचं मात्र अजून मी ठरवते. त्याचं यंत्र आणलं तरी मी ठरवीन.

एक अख्खी गोष्ट द्या

मदतीला घेणं वेगळं आणि एक अख्खी जबाबदारी देणं वेगळं. "जरा इकडे बघ, जरा तिकडे बघ" असं करणारं पोर दोन वर्षांनी कंटाळतं. त्याला असं काहीतरी द्या ज्याची खरेदी, करणं, भाव आणि नफा सगळं त्याचं, आणि बंद करायचं की नाही हेही त्याचंच.

पुडाच्या वड्या थोरलीच्या. थंडीत कॉटन मार्केटला सांबार स्वस्त होतो तेव्हाच त्या परवडतात. पहाटे धाकट्याला गाडीवर बसवून तीच जाते, जुड्या उलट्या करून देठाकडून बघते, ओल्या मातीच्या वजनाचे पैसे देत नाही. आणलेला सांबार धुऊन सुती जुन्या साड्यांवर पातळ पसरायचा, रात्रभर पंख्याखाली. वडीत ओल राहिली की तळताना ती फुटते आणि तेल उडतं. मग चिरून त्यात खोबरं, खसखस, तीळ, लसूण, हिरवी मिरची, थोडी चारोळी. बेसन-कणकेची पोळी लाटून तिला आतून चिंचेचा मसाला पुसायचा, सारण भरून पुडा बांधायचा, आणि मंद आचेवर तळायचं. सोबत कढी.

सुरुवातीच्या थंडीत तिच्या बऱ्याच वड्या फुटल्या. कशामुळं ते मला दिसत होतं, घाईघाईत ओलाच सांबार चिरत होती. मामांना मी डोळ्यानं गप्प केलं. फुटलेल्या वड्यांचे पैसे तिच्या पगारातून कापले नाहीत, पण तिच्या वहीत लिहायला लावले. घाण्यामागं किती फुटल्या ते तारखेसकट. तिनंच साड्या मागून घेतल्या माझ्याकडून.

मग भाव. सांबार महागला तेव्हा तिला प्लेटमागं पाच रुपये वाढवायचे होते. हे म्हणाले, जुनं गिऱ्हाईक तुटेल. तुटेल की नाही तो प्रश्न नव्हता, वडी तिची होती. तिनं वाढवले. थोडं गिऱ्हाईक कुरकुरलं, थोडं गळलं, बाकीचं राहिलं. पाच रुपयांनी दुकान बुडत नाही.

धाकट्याची अख्खी गोष्ट म्हणजे ॲपवरच्या ऑर्डरी. तर्री वेगळ्या डबीत, पोहे वेगळे, कांदा-शेव पुडीत, नाहीतर घरी पोचेपर्यंत त्याचा काला होतो. कमिशन किती कापलं, कोणत्या वेळी ऑर्डरी बंद ठेवायच्या, सगळं तो बघतो. ॲपवरच्या ऑर्डरीचा जीएसटी १ जानेवारी २०२२ पासून ॲपवालेच भरतात, हे त्यानंच मला समजावलं. रविवारी नऊ ते अकरा तो ॲप बंद ठेवतो, कारण समोर उभं असलेलं गिऱ्हाईक ताटकळतं. मला पटत नाही. पण मी बोलत नाही.

गिऱ्हाईकासमोर

गिऱ्हाईकासमोर पोराला रागवायचं नाही, हे कोणीही सांगेल. अवघड पुढचं आहे: गिऱ्हाईकासमोर पोराची बाजूही घ्यायची नाही. कोणी म्हणालं, "पोहे कोरडे झाले हो आज," आणि आतून आई ओरडली, "अहो, सकाळपासून एकटाच उभा आहे बिचारा!" की झालं. त्या दिवसापासून तो काउंटरवरचा माणूस राहत नाही, काकूचं लेकरू होतो. आतच थांबा. त्याला "देतो बदलून" म्हणू द्या.

जुनी गिऱ्हाइकं पोरीला ओलांडून विचारतात, "काका कुठं आहेत? त्यांना सांगतो." उधारी, शंभर प्लेटींची ऑर्डर, बारशाचा नाश्ता, असल्या गोष्टी त्यांना पोट्टीशी बोलायच्या नसतात. अशा वेळी ह्यांनी आतून बाहेर यायचं, नमस्कार करायचा, "तिलाच विचारा, तीच बघते" म्हणायचं आणि परत आत जायचं. दोन-चारदा असं झालं की लोक सरळ तिच्याशी बोलतात.

काउंटरवर पोरांनी आईला काय म्हणावं यावर एका ओळखीच्यानं मोठं व्याख्यान दिलं होतं, की धंद्यात नातं नको, "मॅडम" म्हणायला लावा. मला माझ्या पोरानं मॅडम म्हटलं असतं तर गिऱ्हाईकच पळालं असतं. "आई" म्हणू द्या.

भांडण होणारच. मागच्या भिंतीवर, मसाल्याच्या कपाटाशेजारी, आम्ही एक पाटी लावली आहे. नाश्त्याच्या गर्दीत जे खुपलं ते तिथं खडूनं लिहायचं आणि काम चालू ठेवायचं. शटर पडल्यावर, मामा-मावशी जेवायला बसले की आम्ही चौघं पाटीसमोर. अर्ध्या गोष्टी तोवर लिहिणाराच पुसून टाकतो. उरलेल्यांवर बोलायचं, आणि "लिहिलं कोणी?" हे विचारायचं नाही. अक्षर ओळखू येतंच, तरी नाही. दुकानातलं घरी जेवताना काढायचं नाही असा नियम पुष्कळ जण करतात. आम्ही केला नाही, तो कोणाच्यानं पाळवत नाही.

घरातलं आणि दुकानातलं

घरचं सिलिंडर १४.२ किलोचं, दुकानाचं १९ किलोचं. घरगुती सिलिंडर दुकानात वापरता येत नाही हा कायदा आहे, आणि तो बाकी सगळ्यालाही लावून घ्या. दुकानातून घरी नेलेलं तेल, बेसन, तूप वहीत लिहायचं. "अर्धा किलोच तर आहे" म्हणून जे जातं, त्यावरूनच पुढे नणंद-भावजयी बोलतात.

क्यूआर कोड कोणाच्या खात्याचा? बहुतेक ठिकाणी पोराच्या, कारण त्यालाच मोबाइल कळतो. ते आजच बदला. दुकानाचं चालू खातं, त्यालाच क्यूआर, त्याचाच डब्बा "पैसे प्राप्त झाले" म्हणणारा. माझ्या माहेरकडच्या एका घरात दोन भाऊ केवळ यावरून बोलेनासे झाले. पैसे खाल्ले नव्हते कोणी, पण हिशेब एकाच्या मोबाइलमध्ये आणि संशय दुसऱ्याच्या डोक्यात.

नातेवाईक फुकट खातात, त्यांनाही पावती. शून्य रुपयांची का होईना, पण पावती. ती ज्यानं बोलावलं त्याच्या नावावर. महिन्याच्या शेवटी दिसतं कोणाचे किती पाहुणे आले. सगळ्यात जास्त ह्यांचेच निघतात.

आणि तब्येत. खाण्याला हात लावणाऱ्या प्रत्येकाची वर्षातून एकदा डॉक्टरी तपासणी आणि टायफॉइडची लस, हे नियमात आहे. मामांची करतो, पोरांची राहून जाते. परक्या माणसाला जुलाब लागले तर आपण त्याला घरी पाठवतो, पोराला म्हणतो, "एवढी गर्दी निघून जाऊ दे." पाठवा त्यालाही. गर्दी उद्याही येईल, कोणाला बाधलं तर मात्र येणार नाही.

सून आली म्हणजे फुकटचे दोन हात आले असं नाही. तिला विचारा. ती यायची असेल तर पहिल्या महिन्यापासून पगार, आणि पहिलं वर्ष मामांच्या हाताखाली, सासूच्या नाही. नसेल यायची तर सणाच्या गर्दीतही बोलवायचं नाही.

सुटी, कागद

सोमवारी दुकान बंद असतं. त्याशिवाय दोघांना महिन्यातून दोन-दोन सुट्या, कारण न विचारता. परीक्षा असेल तर महिनाभर सुटी, पगार अर्धा.

कागदाचं थोडक्यात. मोठ्या झालेल्या पोरांना भागीदार करायचं असेल तर लेखी करार करा आणि फर्म नोंदवा. नोंदणी नसलेल्या फर्मला करारावरून बाहेरच्या माणसावर दावा लावता येत नाही. १९३२ च्या भागीदारी कायद्यात अठराच्या आतलं पोर भागीदार होऊ शकत नाही, फक्त नफ्याच्या लाभात घेता येतं. अन्न परवाना मालकाच्या नावावर असतो. मालक वारला तर तो घरच्यांसाठी तीन महिने चालतो, तेवढ्यात पुढची तजवीज करावी लागते. दुकान वडिलोपार्जित असेल तर हिंदू घरात २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. हे पोरांसमोर, दोघं एकत्र असताना बोला. वेगवेगळं सांगितलं की दोन वेगवेगळ्या गोष्टी ऐकल्या जातात.

दर वर्षी विचारा

दिवाळी पाडव्याला नवी वही काढतो. त्या दिवशी हळद-कुंकू वाहून झालं की दोघांना विचारते, "पुढच्या वर्षी येणार का?" गंमत म्हणून नाही. उत्तराला आठ दिवस देते. "हो" म्हटलं की पगार नव्यानं ठरतो. धाकटा एकदा "बघतो" म्हणाला, आठव्या दिवशी "हो" म्हणाला आणि पगार वाढवून घेतला. चांगलं झालं. जो नाही म्हणू शकतो, त्याच्या हो ला काही किंमत असते, आणि आपल्यालाही कळतं की उद्या काउंटरवर कोण उभं राहणार.

नाही म्हटलं तर? तेव्हा रडारड नाही, "आजीनं एवढं उभं केलं" नाही. राहिलेला पगार, सुट्यांचे पैसे चुकते करा. मापाच्या कागदाची त्याची प्रत त्याच्याकडेच राहू द्या. त्यानं उद्या त्रिमूर्तीनगरात स्वतःचा ठेला लावला आणि आपलीच तर्री विकली तर विकू द्या, फक्त दुकानाचं नाव वापरायचं की नाही हे आधी बोलून घ्या. त्याच्या हातातलं काम दुसऱ्याला शिकवायला एक महिना द्यावा लागेल, हे पहिल्या दिवशीच सांगून ठेवायचं. आणि तो महिना डिसेंबर-जानेवारी नको. थंडीत नागपूर पहाटेपासून तर्रीला उभं असतं, आणि पुडाच्या वड्याही तेव्हाच असतात.